विमानामागे दीड बादली

माझ्या धाकट्या बहिणीला बरणीचं झाकण उघडता येत नाही. फिरकीचं झाकण असलं की ती बरणी माझ्यापुढे सरकवते आणि म्हणते, "दादा, बघ जरा." मी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे माझी बोटं अजून कामाची आहेत. तिचा उजवा अंगठा मात्र मुळाशी सुजलेला आणि जरासा बाहेर वळलेला आहे. कोणी विचारलं की "वय झालं" म्हणून ती विषय संपवायची. तिच्याविषयी चार ओळी लिहाव्यात असं बरेच दिवस मनात होतं. पण गिऱ्हाइकाच्या पावतीपलीकडे मी कधी काही लिहिलं नाही, म्हणून राहून गेलं. आता जमेल तसं लिहितो.

ती सदुसष्ट वर्षांची आहे, तरी घरात अजून धाकटीच. नवरा लवकर गेला, पदरात एक लेक. तेव्हा तिने विमानतळावर सफाईची नोकरी धरली आणि सत्तावीस वर्षं केली. प्रवासी उतरले की चार बायका विमानात शिरायच्या आणि पुढचे प्रवासी चढायच्या आत, पंचवीस मिनिटांत, ते लख्ख करून बाहेर पडायच्या. घरी आली की तिच्याकडे काहीतरी सांगण्यासारखं असायचंच. "दादा, आज एकाची कवळी सापडली सीटच्या खिशात. माझ्याकडे बघून हसत होती मेली!"

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा सासरच्या मंडळींनी विचारलं, आई काय करतात? लेक घाईघाईने म्हणाली, "विमानतळावर असते, ऑफिसात." धाकटीने ते खोडलं नाही. मीही मान खाली घालून चहा ढवळत बसलो. त्यात साखर नव्हती हे नंतर कळलं. त्या दिवसापासून धाकटी कामाचे कपडे पिशवीत घालून न्यायची आणि तिथेच बदलायची. शेजारीपाजारीही तिला ऑफिसातलीच समजत.

तीन वर्षांपूर्वी तिची नात कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. तोवर धाकटी निवृत्त झाली होती. नातीला आम्ही टिटवी म्हणतो, कारण तिचं तोंड क्षणभर बंद नसतं. दात घासतानाही ती बोलते, आणि आम्हाला कळलं नाही तर चूळ भरून पुन्हा पहिल्यापासून सांगते. आल्याआल्याच तिने मैत्रिणींना सांगून टाकलं होतं, "माझी आजी विमानतळावर ऑफिसर होती." धाकटीने तेही खोडलं नाही. सत्तावीस वर्षांत बढती मिळाली नव्हती, ती नातीने एका दिवसात दिली.

गेल्या वर्षी टिटवीने एका स्पर्धेत नाव घातलं. विमानप्रवासाने हवा कमी बिघडावी, इंधन कमी जळावं, यासाठी चोवीस वर्षांखालच्या मुलांनी कल्पना मांडायच्या होत्या. पहिल्या तिघांना उन्हाळ्यात विमान बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करायला मिळणार होतं. टिटवीला तेच हवं होतं. तिने महिनाभर खपून शेवाळापासून इंधन कसं करावं यावर वीस पानं लिहिली. कॉलेजातल्या सरांनी ती नुसती चाळली आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण या वर्षी हे माझ्याकडे आलेलं अकरावं शेवाळ."

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन चक्क गप्प बसली. अर्धी प्यायलेली पाण्याची बाटली तिने तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली. धाकटी भाजी चिरत होती. ती उठली, बाटली उचलली, झाकण फिरवलं, पाणी मोरीत ओतलं, बाटली मांडीवर दाबून चपटी केली, झाकण पुन्हा लावलं आणि डब्यात टाकली. या सगळ्याला चार सेकंद लागले असतील. मग ती अंगठा चोळत पुन्हा भाजीकडे वळली.

"आजी, हे काय केलंस?" टिटवीने विचारलं.

"कुठे काय?"

"एवढ्या पटकन? आणि तुला तर बरणी उघडत नाही."

"उघडलेलीच होती ती," मी मध्येच बोललो. "सील तोडायचं असतं तर दुखलं असतं. सत्तावीस वर्षं तेच केलंय तिने."

बोलून गेलो आणि लक्षात आलं. धाकटीने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा मिळत होता, पण कप टेबलावर आपटून.

तिसऱ्या दिवशी तिने नातीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मी दाराआडून ऐकलं, हे कबूल करतो.

प्रत्येक सीटच्या खिशात पाव लिटरची एक बाटली ठेवलेली असायची. कोणी प्यायचं, कोणी हात लावायचं नाही. पण एकदा प्रवाशासमोर ठेवलेली बाटली पुन्हा वापरायची नाही, घरी न्यायची नाही, भरलेली टाकायचीही नाही; कचऱ्याच्या पिशव्या पाण्याने फाटायच्या. म्हणून न उघडलेली प्रत्येक बाटली उघडून बादलीत रिकामी करायची. ते काम धाकटीकडे होतं. दिवसाला सहा विमानं.

"किती बाटल्या असतील गं एका विमानात?" टिटवीने विचारलं.

"बाटल्या कोण मोजतंय? बादली मोजायची. दहा लिटरची बादली, ती जिन्याने खाली नेऊन ओतायची. विमानामागे दीड बादली. एखाद्या दिवशी पावणेदोन. सणकून उकडत असलं तर सव्वा."

"म्हणजे पंधरा लिटर. म्हणजे साठ बाटल्या! आजी, हे पाणी विमान वर घेऊन जातं, खाली घेऊन येतं, आणि तू ओतून टाकतेस? त्या वजनाला इंधन लागतं!"

"मला वाटायचंच, कशाला हे ओझं. पण मला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना!"

टिटवीला कल्पना मिळाली. तिकीट काढतानाच प्रवाशाला पाणी हवं का ते विचारायचं, आणि तेवढंच चढवायचं. नाव दिलं, 'आधी तहान विचारा'. भरलेली बाटली तोलायला ती माझ्याकडे आली. माझा काटा केसाएवढ्या स्क्रूंसाठी; बाटली ठेवल्यावर बिचाऱ्याने मानच टाकली. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं.

धाकटीची एकच अट होती. "माझं नाव नको. सफाईवाली होते हे नको. तुझ्या बाबांच्या घरी अजून माहीत नाही." टिटवीने तिच्या सुजलेल्या अंगठ्यावर हात ठेवून वचन दिलं. स्पर्धेत मांडायच्या फलकावर सगळं लिहिलं, फक्त 'माहिती कोणाकडून' हा खालचा रकाना कोरा ठेवला.

कल्पना शेवटच्या दहांत निवडली गेली. सादरीकरण एका मोठ्या सभागृहात होतं. आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत बसलो. सुरुवातीलाच सूचना झाली की स्पर्धकाऐवजी दुसरं कोणी बोललं तर दहा गुण कापले जातील. मी तर एरवीही बोलत नाही, तरी घाबरून तोंडावर रुमाल धरला.

टिटवी छान बोलली. मग परीक्षकांपैकी चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, "हा पंधरा लिटरचा आकडा कुठून आणलास?"

"एका अनुभवी कर्मचाऱ्याकडून."

"कोण? कोणत्या पदावर?"

टिटवी गप्प झाली. जिला गप्प बसवायला आम्ही दोन वर्षं झटलो, ती तिथे तोंड मिटून उभी राहिली. तिने आमच्या दिशेला पाहिलंही नाही.

"सांगता येणार नाही, सर. मी शब्द दिलाय."

"मग बाळ, हा आकडा आम्हाला धरता येणार नाही. आणि तो काढला तर तुझ्या कल्पनेत काही उरत नाही."

"हो, सर," ती म्हणाली.

धाकटीने आपली पर्स माझ्या मांडीवर ठेवली. "धर."

"अगं, गुण कापतील," मी कुजबुजलो.

"ऐकलंय मी."

ती सरळ परीक्षकांच्या टेबलापाशी गेली. "आकडा माझा आहे. मीच मोजलाय, बादलीने."

"आजी, स्पर्धकांशिवाय कोणी बोलायचं नसतं," चष्मेवाले गृहस्थ म्हणाले. "गुण कापावे लागतील."

"कापा. पण आकडा खोडू नका." ती म्हणाली. "मी विमानात सफाई करायचे. सत्तावीस वर्षं. हे बघा, तुमच्यापुढे तीन बाटल्या आहेत. एक उघडलीय, दोन तशाच. तुम्ही गेलात की कोणीतरी बाई येईल, त्या उघडेल आणि ओतेल. मी अशा रोज तीनशे-साडेतीनशे उघडायचे."

तिने एक बाटली उचलली आणि झाकण फिरवायला गेली. ते फिरलं नाही. तिने दोनदा जोर लावला, मग ओशाळून हसली आणि बाटली नातीपुढे धरली. "उघड गं."

टिटवीने उघडली. सील तुटल्याचा आवाज माईकमुळे मागच्या रांगेपर्यंत गेला. परीक्षकांत एक निवृत्त वैमानिक बाई होत्या. त्यांनी ती बाटली घेतली, एका दमात रिकामी केली आणि म्हणाल्या, "आकडा धरायचा. मला मान्य आहे." सभागृह हसलं. चष्मेवाले गृहस्थही हसले, आणि हसतहसतच त्यांनी दहा गुण कापले.

टिटवी चौथी आली. तिसऱ्या नंबराला सहा गुण कमी पडले. प्रयोगशाळा गेली.

आम्ही बसने घरी निघालो.

"माझ्यामुळे गेलं तुझं," धाकटी म्हणाली.

"तू उठली नसतीस तर दहावी आले असते. मला गणित येतं, आजी."

"पण तुला लाज नाही ना वाटली? एवढ्या लोकांत?"

"वाटली," टिटवी म्हणाली. धाकटीने मान खिडकीकडे वळवली. "दोन वर्षं रोज तुझ्याकडून बरणी मामाआजोबांकडे जाताना बघत होते आणि एकदाही नीट विचारलं नाही, त्याची वाटली." मग तिने फोन काढला. "बाबांना मी सांगू, की तू सांगतेस?"

धाकटीने फोन हातात घेतला. पुढचे चार थांबे तीच बोलत होती. जावई काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण शेवटी ती म्हणाली, "अहो, कवळी! खरंच! हसत होती माझ्याकडे बघून!"

तो फलक आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. खालच्या कोऱ्या रकान्यात धाकटीने स्वतःच्या हाताने आपलं नाव आणि 'विमान सफाई कामगार, सत्तावीस वर्षे' असं लिहिलं आहे. अंगठ्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलंय. परवा शेजारीणबाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही तर ऑफिसात होतात ना?"

"छे हो," धाकटी म्हणाली. "ऑफिसातल्यांना कुठे विमानात शिरायला मिळतं?"

टिटवी यंदा पुन्हा स्पर्धेत उतरणार आहे. तोवर तिने घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं नुसती टेकवून ठेवायचा नेम केला आहे, आजीला माझ्याकडे यावं लागू नये म्हणून. काल मी साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली आणि अर्धी साखर जमिनीवर. सकाळी मुंग्यांची रांग लागली होती. झाकणं घट्ट लावा असं मी अजून कोणाला म्हटलेलं नाही. बरणी खालून धरायची सवय करतोय.