चंद्रप्पाच्या विहिरीचं इंजिन

चंद्रप्पाला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हा अट्टल मांत्रिकच हाय असं मला वाटलं होतं. आता सांगतानाही हसू आवरत न्हाई. भर दुपारी, कलेक्टर साहेबांच्या बंगल्यामागं, कडुलिंबाखाली एक दाढी वाढलेला गडी मांडी ठोकून बसलेला. कपाळाला भस्माचे पट्टे. पुढ्यात पोट उघडलेलं एक यंत्र, शेजारी कापलेलं लिंबू, आणि हा बाबा यंत्राला कान लावून काहीतरी पुटपुटून राहिला होता. मी पदर सावरत उलट्या पावली घरात गेले आणि आमच्या ह्यांना म्हणलं, तुमच्या साहेबाच्या बंगल्यात करणी चालली हाय.

नंतर कळलं, लिंबू हाताचं ग्रीस काढायला होतं. आणि पुटपुटणं म्हणाल तर तो त्या यंत्राला कानडीतून शिव्या देत होता.

लातूर तेव्हा नवंनवं जिल्हा झालं होतं. उस्मानाबादेतून खुर्च्या, कपाटं, माणसं, सगळं ट्रक भरभरून आलं. आमचे हे नाझर, म्हणजे सरकारी सामानसुमानाचे राखणदार, म्हणून आम्हाला बंगल्याच्या आवारातच क्वार्टर मिळालं. जिल्हा आला, पाऊस मात्र आला न्हाई. बंगल्यापुढं हिरवळ करायची म्हणून जागा आखली होती, पण तिथं गवताची काडी नव्हती. नुसती भेगाळलेली माती आणि वरून कडुलिंबाचा पाला, ढिगानं.

त्या सामानात कुठल्याशा गेस्ट हाउसच्या लिलावातली पाला ओढायची मशीन आलेली. दोन चाकं, पुढं हे एवढं तोंड, आत पंखा, मागं कापडी पिशवी. ढकलत न्यायची, की पाला आत ओढून पिशवीत टाकायची. पण तिचं इंजिन जाम झालेलं. बागकाम करणारी नागाबाई म्हणायची, माझा खराटा काय वाईट हाय? पण साहेबांना मशीनच हवी. मग ह्यांनी निलंग्याकडचा चंद्रप्पा शोधून आणला.

गडी पिठाच्या गिरणीवर इंजिनं शिकलेला. हात सोन्याचे आणि तोंड भांडखोर. वाद घातल्याशिवाय ह्याचा चहा गळ्याखाली उतरायचा न्हाई. बशीत ओतला तर म्हणणार कपात बरा, कपात दिला तर बशी कुठंय. मला अक्का म्हणायचा आणि अक्काशीच सगळ्यात जास्त भांडायचा. मी पण काही कमी न्हाई. मुद्दाम म्हणायचे, चंद्रप्पा, आज ऊन कमी हाय. की झालं सुरू.

तर त्या मशीनचं इंजिन पार गेलेलं. सामान हैदराबादेतही मिळेना. मग चंद्रप्पा गावी गेला आणि पोत्यात बांधून स्वतःच्या विहिरीवरचं घासलेटचं इंजिन घेऊन आला. म्हणला, विहीर आटली, इंजिन बसून गंजण्यापेक्षा इथं चालेल. बोल्टची भोकं जुळेनात, तर त्यानं लोखंडी पाटी कापून नवी बैठक केली. शाफ्टचा दांडा बारीक पडला, तर लेथवरून त्यावर चढवायची लोखंडी नळी करून आणली. चालू केलं, तर मशीन पाला ओढायच्या ऐवजी फूऽऽ करून माझ्या तोंडावर उडवायला लागली. इंजिन उलटं फिरत होतं. चंद्रप्पानं गिरणीत घालतात तसा पट्ट्याला एक पीळ घातला, आणि मग मात्र ती ओढायला लागली.

पण आवाज बदलला. उघड्या आवारात भक् भक् व्हायला पाहिजे ना? हा आवाज घुमायचा. खोल आडात कुणी बोलावं तसा. मी नागाबाईला म्हणलं, ऐकतीस का? ती म्हणली, ऐकून राहिले, पण मला काम करू दे.

दुपारी तिनं पिशवी झटकली आणि मला हाक मारली. मी जवळ गेले. कडुलिंबाच्या सुक्या पाल्यात चार-पाच मोठी पानं होती. हिरवी, ओली गार. उंबराची. आवारात उंबर न्हाई. आसपासही न्हाई.

"आम्ही पाण्यातल्या आसरा-बिसरा मानत न्हाई बाई," नागाबाई हळू आवाजात म्हणली, "पण पान उंबराचं हाय, हे मला डोळ्यानं दिसतंय."

चंद्रप्पाला दाखवलं तर तो वाद घालायला लागला. म्हणे वाऱ्यानं आलं असंल. वारा कुठं होता? पान हातात घेतलं मात्र त्यानं, आणि बराच वेळ खाली ठेवलं न्हाई.

दोन दिवसांनी त्याची बायको पंचफुला एस्टीनं आली. पाणीसुद्धा घेतलं न्हाई तिनं, उभ्यानंच बोलली. विहीर आटली तरी तळाला एक डबकं होतं. सारी वाडी वाटीवाटीनं त्यातलं पाणी भरायची, त्याच्यावरच जगायची. परवा दुपारी ते डबकं बायांच्या डोळ्यांदेखत खाली गेलं. झिरपून न्हाई, कुणी ओढून घ्यावं तसं. विहिरीच्या काठाला उंबर हाय, त्याची तळाला पडलेली पानंही गेली.

"इंजिन नेताना साती आसरांची ओटी भरलीस का?" तिनं नवऱ्याला विचारलं. "नेतो बायांनो, परत आणून बसवतो, एवढं तरी म्हणलास?"

म्हणला नव्हता. एस्टी निघायला झाली होती, आणि आटलेल्या विहिरीला कसलं विचारायचं, असं त्याला वाटलं होतं. तरी हट्ट सोडीना. म्हणला, उन्हाळ्यात डबकं आटतंच. मीच गावाला जाऊन डोळ्यानं बघतो. अक्का, उद्या ऊन डोक्यावर आलं की मशीन चालवा. त्या वेळी ऊन आमच्या विहिरीच्या तळाला पोचतंय, मला नीट दिसंल. पुन्हा काही झालं तर खरं, नाहीतर बायकांच्या गप्पा.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं. सावली पायाखाली गेली. कावळासुद्धा ओरडत नव्हता. नागाबाईनं दोरी ओढली.

मशीनच्या तोंडापुढं पाला पडला होता. तो हलला न्हाई. एक पान जागचं हललं न्हाई, आणि मागं पिशवी मात्र फुगत चालली. जड झाली. मग तिच्या बुडातून थेंब पडायला लागले. मी पळत जाऊन घागर आणून खाली लावली. नागाबाईनं इंजिन बंद केलं. इंजिन थांबलं, पंखा थांबला, पण पिशवीत पाणी फिरल्याचा आवाज येतच राहिला. गोल, गोल, गोल. मग तोही थांबला. घागर अर्धी भरली होती. वैशाखातलं पाणी, पण हाताला कळ येईल इतकं गार. पिशवीचं तोंड सोडलं, तर त्यातून हिरव्या बांगडीचा एक तुकडा घागरीत पडून तळाला गेला. आसरांच्या ओटीत घालतात ना, तसल्या बांगडीचा.

मी घाईघाईनं घागर उचलून पडवीत नेऊन ठेवली. नागाबाईनं खराटा उचलला आणि आवार झाडायला लागली.

चंद्रप्पा पुढच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आला. ना चहा, ना वाद. खाली बसून बोल्ट सोडवायला लागला. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणला, की ऊन तळाला लागलं आणि पाणी फिरायला लागलं. काठी घालून कुणी ढवळावं तसं. खाली दोन बाया वाट्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या हातात चिखल राहिला.

आमचे हे म्हणले, साहेबांना काय सांगू? चंद्रप्पा म्हणला, खराटा चालतोय की. पंचफुला वाडीवर ओटी घेऊन बसली होती, इंजिन पोचायची वाट बघत. त्यानं इंजिन पोत्यात बांधलं. मग माझ्या पडवीकडं बघून म्हणला, "अक्का, ती घागर."

आता दुष्काळात अर्धी घागर म्हणजे काय थोडी चीज झाली? भीती गेली होती आणि माझा मूळ स्वभाव परत आला होता. म्हणलं, पाणी माझ्या दारात पडलं, ते माझं.

"पिऊन बघा," तो म्हणला. "तुमच्या टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास. ह्याला येतो का बघा."

मी ओंजळभर प्याले. दगडाचा गारवा, आणि उंबराची तुरट चव. म्हणलं, बरं, पाणी ने, घागर ठेव. माझ्या माहेरची हाय.

"आसरांचं पाणी ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतून न्हाई न्यायचं. आधीच इंजिन एकदा न विचारता नेलंय."

"आणि माझी घागर?"

"माहेरची हाय म्हणलात न्हवं? मग माहेरवाशिणीला सात बायांच्या घरी चार दिवस राहू द्या की."

तो हात पुढं करून उभाच. शेवटी आतून धुतलेलं फडकं आणलं आणि घागरीचं तोंड मीच घट्ट बांधून दिलं.