परत एकदा हाक मारा, मामा

माहितीपट करणाऱ्याने समोरच्या माणसाच्या जगण्यात लुडबुड करू नये, असं मी वर्गात शिकवते. हे सांगताना माझा आवाज चांगला खणखणीत लागतो. वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यावर मी स्वतः काय करून बसले, ते मात्र वर्गात कधी सांगत नाही. सांगणार तरी काय? ते नेमकं काय झालं हेच मला अजून धड उमगलेलं नाही.

वाड्यावर एक जोडपं, आम्ही त्यांना मामा-मामी म्हणायचो, दोघंही साठीच्या पुढची. पंधरा-सोळा शेळ्या, दोन म्हशी. मी आणि माझा कॅमेरामन खाली विंझरला खोली घेऊन राहिलो होतो आणि रोज वर जात होतो. मला त्यांचा दिवस जसा उगवतो आणि मावळतो तसा टिपायचा होता. सगळ्यात जास्त हवी होती ती मामांची संध्याकाळची हाक. गोठ्यापाशी उभं राहून ते समोरच्या उताराकडे तोंड करायचे आणि एक लांबलचक हाक घालायचे, शेवटाला वर चढणारी. तोंडातला पाला तोंडातच ठेवून शेळ्या धावत खाली यायच्या. मामा प्रत्येकीच्या तोंडाशी चिमूटभर मीठ धरायचे. सगळ्यांच्या पुढे असायची एक तांबडी, गाभण. ती मामींची. तिची आई मेल्यावर मामींनीच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती.

"हाक मारली की हातात मीठ पायजे," मामा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "रिकामी हाक म्या कदी मारली न्हाई."

वाक्य मिळालं म्हणून मी खूश. कॅमेऱ्यात घेतलं, वर वहीत उतरवून त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्याचा अर्थ कळला असता तर पुढचं केलं नसतं.

चौथ्या संध्याकाळी उतारावर असं ऊन पडलं की कॅमेरामनसुद्धा गप्प झाला. मामांनी हाक मारली, शेळ्या आल्या, आणि हा पठ्ठ्या म्हणतो, फोकस हुकला. मी म्हटलं, "मामा, परत एकदा."

"आत्ता तर आल्या की, ताई."

"हो, पण एकदाच."

पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनी शेळ्या पुन्हा वर हाकलल्या. हाक मारली, मीठ दिलं. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर कुणाची तरी मोटरसायकल फटफटली आणि आवाज बिघडला. मी म्हटलं, परत. मामांनी पुडी झटकून दाखवली, मीठ संपलं होतं. मी म्हटलं, "मीठ कॅमेऱ्यात दिसत नाही हो, नुसती हाक मारा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उताराकडे पाहिलं आणि हाक मारली. काय दृश्य मिळालं म्हणून सांगू! तांबडी सगळ्यांच्या पुढे, उन्हात चमकत आलेली. ती मामांचा रिकामा तळवा हुंगत राहिली. मामांनी हात धोतराला पुसला. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुकं उतरलं. मामांनी हाक मारली तर शेळ्यांनी नुसत्या माना वर केल्या आणि परत चरायला लागल्या. मामा वर गेले आणि एकेक करून हाकत आणल्या. तांबडी आली नाही. मामी अंगणातून तिला बोलवत राहिल्या, आम्ही बॅटरी घेऊन झुडपं धुंडाळली. कॅमेरामननं हळूच विचारलं, "चालू ठेवू?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यानं चालू ठेवला. सकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला तिच्या गळ्यातली घंटा आणि थोडे केस सापडले. वाघरूच असणार, मामा म्हणाले, म्हणजे बिबट्या. मामींनी घंटा धुऊन फळीवर ठेवली आणि चुलीपाशी जाऊन बसल्या.

"माझ्यामुळे झालं का, मामा?"

"काय सांगावं. गाभण शेळी अशी एकली पडतीच," ते म्हणाले. मग काठी उचलत म्हणाले, "हाकंला आली असती तर मातुर वाचली असती."

म्हणजे हो की नाही? चार शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळी तरी झाले असते. संकलनाला बसल्यावर बिनमिठाच्या हाकेचं ते दृश्य मी काढलं, घातलं, परत काढलं. शेवटी ठेवलं. वर मामांचंच वाक्य लावलं, रिकामी हाक म्या कदी मारली न्हाई. अख्ख्या माहितीपटात तेवढं एकच दृश्य खोटं आहे आणि बघणाऱ्याला तेच सगळ्यात खरं वाटतं. हे कुणाला सांगावं, आणि सांगून करावं काय, मला कळेना.

काही महिन्यांनी लॅपटॉप आणि छोटा स्पीकर घेऊन त्यांना माहितीपट दाखवायला गेले. वाटेत विंझरच्या दुकानातून पेढे घेतले. मीठ घ्यायचं मेलं डोक्यातच आलं नाही. दुपारची वेळ, शेळ्या अंगणापलीकडे बसलेल्या. पडद्यावर मामांनी हाक मारली आणि बाहेरच्या सगळ्या शेळ्या उठून दारात आल्या. मधल्या काळात मामांनी रोज दोनदा-तीनदा मीठ देऊन त्यांची सवय पुन्हा बसवली होती. मामा उठले, मिठाचा डबा काढला आणि प्रत्येकीला चिमूट चिमूट देऊन आले.

"मामा, ती हाक तुम्ही नाही मारलीत. यंत्रानं मारली."

"आवाज माजाच हाय न्हवं?"

मामींचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या पडद्याला अगदी खेटून बसल्या होत्या. "आमची तांबडी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परत एकदा लावा की, ताई."

मी लावलं. शेळ्या पुन्हा दारात, मामा पुन्हा डबा घेऊन बाहेर.

"परत एकदा," मामी म्हणाल्या.

मामांनी डब्याच्या तळाशी बोटं फिरवली आणि डबा पालथा घातला. "आता आवाज बंद करून दावा तिला," ते म्हणाले. "मीठ संपलं."

मी आवाज बंद केला. बाहेरच्या शेळ्या बसूनच राहिल्या. मामी पदराचं टोक मुठीत धरून बघत होत्या, आणि तांबडी उतारावरून धावत खाली आली.