डावीकडे अडणारा खण

परवा बारामतीत लाकडाच्या वखारीसमोरून जाताना ओल्या कडुलिंबाच्या भुशाचा कडवट वास आला आणि मला लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवला. सासर कोऱ्हाळ्याचं. माणसं चांगली, पण त्या घरात कुणाचं काही वेगळं म्हणून नव्हतंच. माझा कंगवा, माझा पेन, इंदापूरहून आईनं दिलेली लाडवांची पिशवी, सगळं न विचारता उचललं जायचं. खिडकीखाली एक जुनं टेबल होतं, त्याच्या खणाच्या जागी नुसती पोकळी. बांधावरचा कडुलिंब नुकताच पाडला होता, त्याच्या फळ्या मी ओसरीवर ओढून आणल्या आणि करवत घेऊन बसले. सासरे म्हणाले, "सुताराला सांगतो की. बाईमाणसाचं काम हाय व्हय हे?" मी मान वर केली नाही. "आबा, खण माझा हाय, मीच करणार." साखर कारखान्याच्या मळीचा वास वाऱ्यावर येत होता, भुसा केसांत शिरत होता, सासूबाई दारातून बघत होत्या. संध्याकाळी खण टेबलात बसला, पण डावीकडे अडायला लागला. दिरानं दोन्ही हातांनी ओढला, तरी हलेना. तो हसत सुटला. सासरे रंधा घेऊन आले, "आण हिकडं, घासून देतो." मी त्यांच्याकडं पाठ करून डावी बाजू जराशी उचलून ओढली, खण अलगद बाहेर आला. "राहू द्या," मी म्हणाले, "मला उघडतोय." आता मुलगा मागं लागलाय, आई, खणाला सरकतं चॅनेल बसवून देतो, एका बोटानं उघडेल. मी त्याला एवढंच विचारते, कुणाच्या?