कडेची खोली

माण गावात कंपन्या आल्या तशी चंद्राबाईंनी शेतात चाळ बांधली आणि नोकरीवाल्या पोरींना खोल्या द्यायला लागल्या. जाहिरातीच्या फ्लेक्ससाठी लेकानं, इंद्रजितनं, नेटवरून एका हसऱ्या मुलीचा फोटो उतरवला.

"कुणाची रं ही?"

"नेटवरचं सगळ्यांचंच असतंय, आये." नेट म्हणजे जणू गावचं गायरानच!

दिवाळीनंतर एक बाई दारात आल्या. फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही माझी अपेक्षा. दोन वर्षांपूर्वी अपघातात गेली. आठवण म्हणून मीच हा फोटो नेटवर ठेवला होता. न विचारता असा छापणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

पण बाईंचा आवाज एकदम उतरला. "तक्रार नाही करत मी. फ्लेक्सवर ती इथंच राहत असल्यासारखी हसतेय. फक्त तिची खोली दाखवा."

चंद्राबाईंनी कडेची रिकामी खोली उघडली. बाईंनी कॉटवरची चादर नीट केली, उशी थोपटली आणि मागे न बघता निघून गेल्या.

फ्लेक्स त्याच दिवशी उतरला. पण ती खोली कुणी मागितली, की चंद्राबाई दार अडवून उभ्या राहतात.

"तितं पोरगी राहतीय."

रोज दिवेलागणीला त्या आत दिवा लावतात आणि कडी न घालता दार नुसतं लोटून येतात.