काजळ्याला मारायचं की नाही: पेठच्या बाजूचा एक बोहाडा

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे, की इथे सूर्यास्ताचे फोटो कमी आणि रस्त्याची खरी अवस्था जास्त मिळते. नाशिकला द्वारकेजवळ माझं टायरचं दुकान आहे. हयात खड्ड्यांवर पोट भरण्यात गेली, त्यामुळे कुठेही गेलो तरी मला आधी रस्ता दिसतो, मग डोंगर. या वेळी मात्र निघायचं ठरलं ते एका माणसाला ठार मारायचं की नाही, या वादातून.

पोलिसांना कळवू नका, माणूस कादंबरीतला आहे. माझी मुलगी मुक्ता सातपूरला एका कारखान्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात तलवारी, चेटूक, पडकी राज्यं आणि भरपूर रक्त असलेली कादंबरी लिहिते. तिच्या नायकाचं नाव काजळ्या. नायक म्हणायचं ते आपली सवय म्हणून, कारण पहिल्याच प्रकरणात तो स्वतःच्या झोपलेल्या राजाला धोप तलवारीनं मारतो आणि गडाचा दरवाजा एका चेटकिणीला उघडून देतो. ती त्याला बक्षीस देते की तुला मरण नाही. कोणीही मारो, तो पुन्हा उठतो. फक्त दर उठण्याला आपल्या एका माणसाचा चेहरा विसरतो. आईचा चेहरा तर सुरुवातीलाच जातो. आमच्या सौ. म्हणजे सुनंदा, तिन्हीसांजेला हे घरात वाचू देत नसत.

मला मात्र काजळ्याचं वेड लागलं. मुक्ता एकेक प्रकरण फोनवर पाठवायची आणि मी पंक्चर काढून होईपर्यंत वाचत बसायचो. गिऱ्हाईक हवा मारून निघून जायचं, मला पत्ता नसायचा. याचं कारण मी पुष्कळदा शोधलं. आमच्या लहानपणी गोष्टींतले राजपुत्र इतके सज्जन असायचे, की ते काय करणार हे आधीच कळायचं. काजळ्याचं तसं नाही. पैसे घेऊन गाव जाळायला निघालेला हा माणूस वेशीवर पोचल्यावर काय करील, ते त्यालाही माहीत नसतं. कधी जाळतो, कधी नाही जाळत. आणि मेल्यावर आपण सुटतो, हा जो तुम्हाआम्हाला दिलासा आहे, तो त्याला नाही. केलेलं सगळं खांद्यावर घेऊन त्याला उद्या पुन्हा उठायचंय. उधारी, बायपास सर्जरी आणि भावकी सांभाळून रोज सकाळी शटर वर करणाऱ्या माणसाला हे का आवडावं, ते मी आणखी समजावून सांगत नाही.

तर मुक्तानं कादंबरीचे कागद ज्यांना पाठवले होते, त्या पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला. भाषा आवडली, लढाया आवडल्या, पुस्तक काढतो म्हणाले. अट एकच होती. शेवटी काजळ्याला पश्चात्ताप व्हावा आणि त्याला मरण यावं. असला माणूस शिक्षेविना फिरत राहिलेला आपल्या वाचकाला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मुक्ता दोन दिवस जेवताना बोलली नाही. मग शुक्रवारी म्हणाली, पेठच्या पुढे जयश्रीच्या गावाला बोहाडा आहे, मला जायचंय, तुम्ही गाडी काढता का? जयश्री ही तिची कॉलेजातली मैत्रीण, आता तिकडेच शाळेत शिकवते. बोहाडा म्हणजे मोठे मुखवटे घालून देवादैत्यांची सोंगं नाचवायचा डोंगरी गावांचा उत्सव, होळीनंतर गावोगाव चालतो.

शनिवारी सकाळी निघालो. पंचवटीतल्या पेठ फाट्यावर मिसळ खाऊन घ्या, पुढे जेवायचं ठिकाण पेठलाच. पेट्रोलही इथेच भरा. आशेवाडीपर्यंत रस्ता उत्तम आहे आणि रामशेजचा किल्ला शेजारून अगदी ओळखीच्या माणसासारखा बघत राहतो. सावळघाटात वळणं अंगावर येतात, समोरून गुजरातचे ट्रक येतात, तेव्हा हॉर्न वाजवायची लाज बाळगू नका. टायरची नक्षी झिजलेली असेल तर हा घाट पावसाळ्यात नकोच.

घाटात मी विषय काढला. म्हटलं, दोन पानांचा तर प्रश्न आहे. माणूस मरतो, पुस्तक जगतं. पुढच्या पुस्तकात कर हवं ते. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला काळा टायर हवा असेल तर आपण त्याला रंगाचं तत्त्वज्ञान सांगत नाही.

"टायर सगळे काळेच असतात, पप्पा," मुक्ता म्हणाली. "तुम्ही वळणावर बघा."

करंजाळीला चहा घेतला. चैत्राचं ऊन होतं, झाडांखाली मोहाची फुलं पडली होती आणि बाया ती पाटीत वेचत होत्या. त्यातली एक मुक्ताला म्हणाली की वास नुसता घेऊ नको, खाऊन बघ. मुक्तानं खाल्लं. मीही खाल्लं, आणि कोटंबीचा घाट चढेपर्यंत तोंडात तो गोडसर उग्रपणा होता.

पेठला एका साध्या खानावळीत नागलीची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा आणि कांदा मिळाला. नाशकात दोन मिसळींना लागतात त्यापेक्षा कमी पैशांत दोघं तुडुंब जेवलो. मधेच मुक्तानं फोन माझ्यापुढे सरकवला. तिनं गुपचूप नवा शेवट लिहून ठेवला होता. काजळ्या म्हातारा होऊन आपल्या राजाच्या समाधीपाशी येतो, गुडघे टेकतो, आईचा चेहरा त्याला आठवतो आणि तो डोळे मिटतो. माझी भाकरी गार झाली. डोळ्यांतून पाणी आलं, ते ठेच्यामुळे असं मी वाढणाऱ्या मावशींना सांगितलं. मुक्ताला म्हणालो, आत्ताच पाठव. ती म्हणाली, बोहाडा बघून पाठवते. तिचा चेहरा मात्र आपलंच जनावर विकायला काढल्यासारखा झाला होता.

पेठच्या पुढचा रस्ता अरुंद पण डांबरी आहे. शेवटचा टप्पा खडीचा, तिथे सावकाश. गावाचं नाव देत नाही, कारण मागच्या वर्षी कोणीतरी ड्रोन घेऊन आलं होतं आणि गावकरी अजून चिडलेले आहेत. बोहाडा बघायचाच असेल तर ओळखीनं जा, अंथरूण सोबत न्या, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

जयश्रीचे वडील काशीनाथभाऊ. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडे बागांवर कामाला असतात आणि बोहाड्यासाठी काही झालं तरी परत येतात. का, ते घरात शिरल्यावर कळलं. भिंतीला पांढऱ्या फडक्यात बांधलेला म्हैषासुराचा मुखवटा टांगला होता. त्यांच्या आजोबांपासून हे सोंग याच घरात. फडकं सोडलं तेव्हा लाल डोळे, काळी शिंगं आणि बाहेर आलेले सुळे बघून मुक्ता दोन पावलं मागे सरली आणि मग तीन पुढे गेली. मी उचलून बघितला, तर आमच्या ट्रकच्या रिमची आठवण झाली. हे डोक्यावर घेऊन माणूस नाचतो कसा, असं मी विचारलं.

काशीनाथभाऊ हसले. विनय वगैरे भानगड त्यांच्याकडे नाही. नाचायचं कोणालाही जमतं, पडणं जमायला लागतं, असं त्यांनी सांगितलं. "चार गावांत इचारा. माझ्यावानी पडनारा नाय."

रात्री अंगणात झोपलो. लांबून संबळ आणि पिपाणी ऐकू येत होती, एकेक सोंग नाचून जात होतं. मोठी लढाई उजाडताना होते, तेव्हा उठवीन असं जयश्री म्हणाली होती, आणि आभाळ फिकं व्हायला लागल्यावर तिनं उठवलं.

पटांगणाभोवती अख्खं गाव उभं होतं. पेटवलेले टेंभे अजून धुमसत होते. एका बाजूनं देवी आली, दुसऱ्या बाजूनं म्हैषासुर. काल आम्हाला चहा दिलेला माणूस त्या मुखवट्याखाली आहे, हे मला पटेना. तो हातातली तलवार जमिनीला घासत यायचा, देवीसमोर छाती काढून उभा राहायचा, मागे हटायचा, पुन्हा यायचा. पोरंटोरं किंचाळून आयांच्या मागे लपत होती आणि तिथूनच, पुन्हा ये, पुन्हा ये, असं ओरडत होती. देवीचा वार बसला की तो गुडघ्यावर यायचा आणि संबळ वाढला की पुन्हा उठायचा. माझं मलाच नवल वाटलं, की देवीला हात जोडलेले असताना मी मनात त्याला, ऊठ रे, म्हणत होतो. मुक्ता तर माझा दंड घट्ट धरून उभी होती.

शेवटी देवीचा वार बसला आणि काशीनाथभाऊ पडले. काय पडले! आधी तलवार, मग एक गुडघा, मग सबंध देह, आणि धुळीत शिंगं टेकली. सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत मी आपला नाशिककर, मोकळ्या गळ्यानं म्हणालो, "मेला एकदाचा."

बायांची अख्खी रांग माझ्याकडे वळली. कोणीतरी चक् चक् केलं. जयश्रीची आई पुढे आली. रागावली नव्हती, पण हसतही नव्हती.

"मेला म्हनू नये, दादा. झोपला म्हना," ती म्हणाली. "मेला तर पुढल्या साली येईल कोन?"

मी कान पकडले. पण तेवढ्यानं भागत नाही. या गावची रीत अशी, की जो 'मेला' म्हणेल त्यानं सोंग घरी आल्यावर त्याचे पाय धुवायचे आणि पहिलं पाणी आपल्या हातानं द्यायचं. चार माणसांनी काशीनाथभाऊंना उचलून दारात आणलं. मुखवटा उतरवून पाटावर ठेवला, त्याला दिवा ओवाळला, आणि गावाहून माणूस आल्यावर विचारावं तसं त्याला विचारलं, बरा हाय ना? माझ्यासमोर तांब्या आला. सगळ्या गावादेखत मी त्या माणसाचे पाय धुतले. टाचेला भेगा होत्या, गुडघा फुटला होता, आणि चेहऱ्यावर असा थाट, की जिंकलेल्या देवीनंही हेवा करावा. पाणी देताना मला कमीपणा वाटला नाही. उलट एवढ्या मोठ्या दैत्याचे पाय आपल्या वाट्याला आले, म्हणून ऊर भरून आला.

पाणी पिऊन झाल्यावर मुक्तानं त्यांना विचारलं, दरवर्षी हरायचंच आहे हे माहीत असताना उभं राहायचं, वाईट नाही वाटत?

"देवी जितनारच, त्यात काय बघायचं?" काशीनाथभाऊ मिशीवरचं पाणी पुसत म्हणाले. "लोक येतात ते मी कसा उठतो, त्ये बघाया. म्हाताऱ्या बी येतात. येकदा जरी पडूनच ऱ्हायलो, तर घरी जाऊन त्या काय सांगतील?"

 मुक्तानं मुखवट्याला हात लावू का विचारलं, आणि शिंगांत अडकलेली धूळ आपल्या ओढणीनं पुसली.

परतीला कोटंबी घाटात तिनं गाडी थांबवायला सांगितली. तिथे कठड्याजवळ रस्ता रुंद आहे, थांबायला सुरक्षित. फोन काढून विचारलं, काल वाचलेला शेवट खरंच चांगला होता का? मी म्हटलं, फार चांगला होता, मी रडलो. ती म्हणाली, मलाही लिहिताना रडू आलं, आणि रडून झाल्यावर हलकं वाटलं. काजळ्याचं पुस्तक मिटल्यावर वाचणाऱ्याला इतकं हलकं वाटलं, तर मग काजळ्या त्यात कशासाठी आहे? मग तिनं ते पान माझ्यादेखत पुसून टाकलं. माझ्यातला दुकानदार कळवळला. पण बाप म्हणून सांगतो, बारावीच्या निकालाच्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला नव्हता, तेवढा त्या कठड्यापाशी वाटला.

सोमवारी तिनं प्रकाशकांना फोन केला. काजळ्या मरणार नाही, एवढंच नम्रपणे सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. मग आमच्याकडून हे होणार नाही, म्हणाले. आठवडाभरात कागद परत आले. सुनंदानं ते उदबत्तीच्या घराशेजारी ठेवले, आणि तिन्हीसांजेचा नियम तेव्हापासून आपोआप सुटला. परवा दिवे लागले तेव्हा तीच सोफ्यावर बसून तिसरं प्रकरण वाचत होती. जयश्री रोज संध्याकाळी वडिलांना एकेक प्रकरण फोनवरून वाचून दाखवते. त्यांचा निरोप आला की माणूस चांगला हाय, पन पडायला अजून शिकला नाय. मुक्ता ती लढाई पुन्हा लिहितेय.

या सहलीचा खर्च, म्हणाल तर एक टाकी पेट्रोल, जेवणं आणि देवीच्या ताटात घातलेली दक्षिणा. रस्त्याला मी दहापैकी सात देईन, शेवटच्या खडीला तीन.

गेल्या रविवारी दुकानात होतो. मागच्या टेबलावर मुक्ता लिहीत बसली होती. शेजारचे बॅटरीवाले भाऊसाहेब आले, पुस्तकाची चौकशी केली, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवत म्हणाले, "म्हणजे ते प्रकरण मेलंच म्हणायचं."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"झोपलंय म्हणा, भाऊसाहेब," मी म्हणालो. "आणि आता म्हणालातच, तर त्या माठातलं ग्लासभर पाणी तुमच्या हातानं आत तिला नेऊन द्या. आमच्याकडे तशी रीत आहे."