छत्री धरणाऱ्या मुली

मार्च २००८, दुसरा शनिवार, दुपारची वेळ. टोरांटोपासून चार-साडेचार तासांवरच्या कनाटात, एका घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही अकरा जण होतो. माणशी पंधरा डॉलर वर्गणी, त्यात चहा आणि पोहे. घर आमच्या मराठी मंडळाच्या चिटणीसांचं. शिकवायला सर होते. पुण्यात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आता मुलाकडे राहणारे. आठ जण मंडळातलेच, बहुतेक टेलिकॉम कंपन्यांत काम करणारे. आणि मी. एका छोट्या कंपनीत पगारपत्रकं करते. मूळची नागपूरची.

दर शनिवारच्या या वर्गाचा विषय होता प्राचीन ग्रीकांचा न्यायविचार. त्या दिवशी सरांनी अथेन्सचं न्यायालय भरवायचं ठरवलं होतं. तिथे पेशाने न्यायाधीश असे कुणी नसत, असं त्यांनी सांगितलं. साधे नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडत आणि तेच पंच होऊन निकाल देत. म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आमच्याही चिठ्ठ्या पडल्या. मी एक उचलली. उघडली. 'पंच' असं लिहिलेलं होतं.

चिटणीसांनी ती माझ्या हातातून घेतली, वाचली, आणि दुसरी माझ्या हातात ठेवली. तिच्यावर होतं, 'आरोपी. परका रहिवासी.'

"वहिनी, हे तुम्ही करा," ते म्हणाले. "तुम्हाला ॲक्टिंग करावी लागणार नाही."

सगळे हसले. घरातल्या गमतीला हसतात तसे. सरही हसले आणि मग चष्मा पुसत बसले.

चिठ्ठी हातात घेऊन मी खुर्चीवर बसले. न बोलायची मला सवय होती.

सर समजावू लागले. अथेन्समध्ये बाहेरून येऊन राहिलेले हजारो लोक होते. कुंभार, सुतार, व्यापारी, बँकवाले. गुलाम नव्हते ते, मोकळे होते. कर भरायचे, पुरुषाला वर्षाला बारा नाणी, एकट्या राहणाऱ्या बाईला सहा. युद्ध झालं की लढायचे. पण मत नाही. जमीन घेता येत नाही. पिढ्या गेल्या तरी नाही. आणि प्रत्येकाला एक पाठीराखा लागायचा. पाठीराखा म्हणजे शहराचा अस्सल नागरिक, जो म्हणेल की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे. असा पाठीराखा नसणं हाच गुन्हा. सिद्ध झाला तर त्या माणसाला गुलाम म्हणून विकून टाकत.

"म्हणजे बघा," सर म्हणाले, "जिथे न्याय म्हणजे काय यावर माणसं दिवसरात्र वाद घालत होती, तिथेच हे चाललं होतं."

"टेरिबल," कुणीतरी म्हणालं. "काय अन्याय आहे." चिटणीसांनीही मान हलवली.

मी चिठ्ठीकडे बघत होते. माझं डोकं हिशेबाचं आहे. दोन आकडे शेजारी आले की ते आपोआप ताडून बघतं.

आमच्या मंडळात दोन तऱ्हेचे सदस्य होते. पूर्ण सदस्य मत देतात, सभेत बोलतात, निवडणुकीला उभे राहतात. सहयोगी सदस्य वर्षाला तीस डॉलर भरतात, कार्यक्रमाला येतात, सभेत मागे बसतात. सहयोगीचा पूर्ण व्हायला दोन पूर्ण सदस्यांची शिफारस लागते. मी सहा वर्षं सहयोगी होते. पहिली सही पहिल्याच वर्षी मिळाली होती. दुसरी चिटणीस करणार होते. ते दिवाळीत आमच्या घरी फराळाला आले. चकली छान झालीय म्हणाले. मग हॉलमधल्या भिंतीवर त्यांची नजर गेली. तिथे निळ्या कोटातला, हातात पुस्तक घेतलेला फोटो आहे. त्या फोटोतल्या माणसामुळे माझे वडील शिकले, मी शिकले, माझी मुलगी इथे जन्मली. चिटणीस फोटोकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा, अच्छा." फॉर्म टेबलावरच राहिला. पुढे विचारलं की उत्तर यायचं, नेक्स्ट मीटिंगला बघू.

त्यानंतर पाच वर्षं नेक्स्ट मीटिंग आली नाही. मी मात्र दर गणपतीत साउंड सिस्टीम उतरवायला, खुर्च्या लावायला, पार्किंगमध्ये उभी राहायला जात होते. कामाला शिफारस लागत नव्हती.

तेवढ्यात सर मिरवणुकीवर आले. अथेन्सच्या देवीची मोठी मिरवणूक निघायची. तिच्यात या परक्या रहिवाशांनाही जागा होती, ठरवून दिलेली. पुरुषांनी तबकं वाहायची. आणि त्यांच्या मुलींनी, सर सांगत होते, नागरिकांच्या मुलींच्या डोक्यावर छत्र्या धरायच्या.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आदल्या सप्टेंबरची गोष्ट. कम्युनिटी हॉलच्या पार्किंग लॉटमध्ये आमची गणपतीची मिरवणूक. चिटणीसांची मुलगी आरतीचं तबक घेऊन पुढे. तिच्या डोक्यावर जरीची छत्री. ती धरली होती माझ्या मुलीने. दोघी दहा वर्षांच्या, एकाच शाळेत, एकाच वर्गात. आदल्या दिवशी चिटणीसांचा फोन आला होता, तुमच्या लेकीला मान देतोय म्हणून. ऊन कडक होतं. हात वर धरून माझी मुलगी पूर्ण लॉटभर चालली. छत्रीची सावली तिच्यावर पडत नव्हती. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "आई, व्हाय डिडन्ट शी होल्ड इट फॉर मी? इव्हन वन्स?"

मी म्हटलं होतं, मानाचं काम आहे बाळा.

बेसमेंटमध्ये खटला सुरू झाला. चिटणीसांनी स्टीलच्या गडूला ड्रिलने बारीक भोक पाडून पाण्याचं घड्याळ केलं होतं. गडू स्टुलावर, खाली पातेलं. पाणी संपेपर्यंत बोलायचं. दोन्ही बाजूंना सारखं पाणी, माणूस मोठा असो की लहान. न्यायाची याहून स्वच्छ कल्पना आपण पाहिली नाही, असं सर म्हणाले. टेबलावर दोन वाट्या होत्या, एकीत राजमा, एकीत चवळी. राजमा टाकला तर दोषी, चवळी टाकली तर निर्दोष.

आरोप: या बाईला पाठीराखा नाही. आरोप मांडणाऱ्या एका सदस्याने आपलं पाणी संपवलं. मग गडू पुन्हा भरला. आता माझी बाजू. पण सरांनी सांगितलं की अशा माणसाच्या वतीने पाठीराखाच बोलायचा. तेव्हा चिटणीस उठले. मी बनतो हिचा पाठीराखा, असं म्हणून त्यांनी माझी बाजू मांडली. ही बाई कष्टाळू आहे. आपल्या सणावाराला राबते. तक्रार करत नाही. अशी माणसं शहराला हवीच असतात. हिला विकू नका.

टाळ्या पडल्या. ते बसले. गडूत अर्धं पाणी शिल्लक होतं, ठिबकत होतं.

मी उठले आणि भोकावर बोट ठेवलं. पाणी थांबलं.

"हे पाणी आरोपीचं आहे," मी म्हणाले. "उरलेलं मी बोलते."

सर म्हणाले, "पण ताई, नियमाप्रमाणे..."

"सर, नियम मला माहीत आहे. खटला त्याच नियमावर चाललाय."

मी बोट काढलं.

मी त्यांना सांगितलं की मी सहा वर्षं कर भरलाय. एक सही आहे, दुसरी आमच्या भिंतीवरच्या फोटोपाशी अडकली आहे. छत्रीबद्दल सांगितलं. माझ्या मुलीने गाडीत काय विचारलं ते तिच्याच शब्दांत सांगितलं. मागच्या शनिवारी सरांनीच शिकवलं होतं की एका मोठ्या ग्रीक विचारवंताच्या मते ज्याने त्याने आपलं नेमलेलं काम करणं म्हणजे न्याय. तेव्हा या खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आपल्याकडेही अगदी हेच सांगितलंय म्हणून अभिमानाने. त्याच विचारवंताने असंही सुचवलं होतं की लोकांना एक गोष्ट सांगावी: काहींच्या आत्म्यात सोनं मिसळलेलं असतं, काहींच्या लोखंड. मी म्हणाले, त्या माणसाने निदान कबूल केलं की ही गोष्ट आपण रचलेली आहे. आपल्याकडे ती जन्माच्या दाखल्यासारखी वापरतात. विमानातून सोबत आणतात. विंटर टायर बदलायला शिकतात, बर्फ शोव्हल करायला शिकतात, पण ही गोष्ट टाकून देत नाहीत.

पाणी संपलं. मी थांबले. एक थेंबही जास्त घेतला नाही.

मग चिटणीस म्हणाले, आता हसत नव्हते, "वहिनी, इथे जात कुणी काढली? आम्ही कधी एक शब्द तरी बोललोय?"

"नाही बोललात," मी म्हणाले. "म्हणून तर सहा वर्षं लागली कळायला."

सर म्हणाले, मतदान आज राहू दे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अथेन्सच्या परक्यांसाठी ज्यांचा जीव तुटत होता त्या दहा जणांपैकी एकानेही वाटीला हात लावला नाही. राजमा एका डब्यात गेला, चवळी दुसऱ्यात. कुणीतरी पोहे गरम करायचं काढलं.

दोन आठवड्यांनी चिटणीसांचा फोन आला. आवाजात साखर. तुमची दुसरी सही केली मी, ते म्हणाले, मीटिंगची वाट न बघता. स्पेशल केस म्हणून करून टाकू. मी विचारलं, आणि शिफारशीचा नियम? ते म्हणाले, "नियमाचं काय घेऊन बसलात? तुमचं काम झालं ना."

माझ्या घशाशी 'हो' आलं होतं. सहा वर्षांचं 'हो'. पण मंडळात वसईचं एक कॅथलिक जोडपं टोरांटोहून बदलून आलं होतं, तेही माझ्यासारखंच मागच्या रांगेत बसायचं. त्यांची स्पेशल केस कोण करणार? आणि माझी केली ती कशाने? मी मोठ्याने बोलले म्हणून. म्हणजे सही पुन्हा त्यांचीच, मर्जी त्यांचीच, मी फक्त जरा जड ओझं झालेली. मी नाही म्हणाले. शिफारशीची अट काढा, मग फॉर्म पाठवा. त्यांनी फोन ठेवला.

एप्रिलच्या वार्षिक सभेत मी पहिल्या रांगेत बसले. अट काढा, असं उभं राहून म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, सहयोगी सदस्यांना बोलता येत नाही. मी म्हणाले, मी आता सहयोगीही नाही, वर्गणी भरलेली नाही. मग तुम्ही इथे कोण, असं त्यांनी विचारलं. मी उभीच राहिले. सभा मला वळसा घालून पुढे सरकली.

हे लिहिते आहे तेव्हा २०१२ साल आहे. अट अजून आहे. दर एप्रिलला मी जाते, पहिल्या रांगेत बसते, तेच वाक्य बोलते आणि सभा संपेपर्यंत उभी राहते. मागच्या वर्षी ते जोडपंही उभं राहिलं. कुणाची शिफारस मागणार नाही. दिली तर घेणार नाही. आणि दार सोडून जाणारही नाही. मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिला मी सांगून ठेवलंय की छत्री स्वतःची असेल तरच धरायची.

त्या शनिवारी निघताना चिटणीस म्हणाले होते, आजची वर्गणी राहू द्या वहिनी. मी राहू दिली नाही. जिन्याशी बूट घालत उभ्या असलेल्या सरांच्या हातात पंधरा डॉलर रोख ठेवले. शिकवलं ते त्यांनी, त्यांची फी बुडवायची नव्हती. त्यांनी घेतले. मंडळाला त्यानंतर आजपर्यंत दिलेली रक्कम: शून्य.