राखून ठेवलेली कॅसेट

खिशात पैसे असले म्हणजे कॅसेटवाल्या बापूंकडून कॅसेट मिळेलच, अशी खात्री रत्नागिरीत कोणी देत नसे. आधी ते गिऱ्हाइकाला बाकावर बसवत, कॅसेटची एक बाजू पुरती ऐकवत आणि त्याच्या तोंडाकडे बघून निकाल देत. "नाय, ही तुला नाय चालायची. घरी नेशील नि कपाटात टाकशील."

कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे विरहाच्या गझलांची एक कॅसेट मागितली. बापूंनी मला चहा पाजला आणि कॅसेट गल्ल्याखालच्या खणात ठेवून दिली. "अरे, तुझं अजून गेलंय काय? काहीतरी जाऊ दे, मग ये. राखून ठेवतो." पुढे मी दर दिवाळीला विचारायचो आणि ते माझी तब्येत बघून नकार द्यायचे.

मग मारुती मंदिराजवळ एका बड्या कंपनीचं, गावोगाव शाखा असलेलं दुकान आलं. आत गार हवा, गणवेशातल्या मुली आणि किमती अशा, की बापूंना घाऊक व्यापारीही त्या भावात माल देत नसे. बापू इस्त्रीचा शर्ट घालून बघायला गेले आणि पिशवी भरून परतले. "माल आता तिकडनंच भरायचा," त्यांनी जाहीर केलं. त्या दुकानाला त्यांच्याइतकं चांगलं गिऱ्हाईक मिळालं नसेल.

पण तिथे वेष्टन फोडून ऐकवत नसत. त्यामुळे लोक बापूंच्या बाकावर बसून ऐकत, त्यांचा सल्ला घेत आणि खरेदीला तिकडे जात. बापू वर सांगत, "आत शिरलास की डाव्या हाताला बघ." काकू, म्हणजे त्यांची बायको, वैतागली. "ऐकायचं इथे नि घ्यायचं तिथे. हे दुकान आहे की देऊळ?"

"देवळात लोक निदान नारळ तरी ठेवतात," बापू म्हणाले आणि त्यांनी कॅसेटची बाजू बदलली.

असं किती दिवस चालणार? भाडं निघेना, तेव्हा बापूंनी दुकान सोडायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मी आवराआवरीला गेलो. तोवर मला नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, तक्रारीला जागा नव्हती. बाक विकला गेला होता, म्हणून पायरीवर बसलो. बापूंनी ती कॅसेट आणून माझ्या हातात ठेवली.

"पण बापू, माझं अजून काही गेलेलं नाही," मी हसत म्हटलं.

त्यांनी एकदा रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं. "आज लावून बघ. आज चालेल तुला."

घरी जाऊन लावली. पहिली बाजू संपेपर्यंत मी डोळे पुसत होतो. गिऱ्हाईक ओळखण्यात बापू कधी चुकले नाहीत.